गडग्यापलीकडचं वेबिल

गेल्या महिन्यात पोलीस पाटील सकाळीच पडवीत येऊन बसले. अर्धा कप चहा संपेपर्यंत माकडं, नारळाचा भाव, सगळं झालं. मग हळूच म्हणाले, "आबानू, तुमका रातची झोप येणा नाय मा? मग वायच लक्ष ठेवा. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, गाडीचे नंबर. लिवन ठेवा."

झोप येत नाही हे खरं. एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, पहाटेच्या गाड्यांनी झोपेची कायमची वाट लावली. पण गावची खबर वर कळवणं हे 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने पाटलांचं काम. ते चहाबरोबर माझ्या गळ्यात!

तारकर्लीच्या वाटेवर आमची वाडी. शेजारच्या चिऱ्याच्या घराचा मालक मुंबईला. त्याने घर भाड्याने दिलं आणि तेव्हापासून दर शनिवारी अंगणात स्पीकर. बाटल्या मधल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, थेट आमच्या माडांच्या आळ्यात. खत घालताना तळव्यात काच घुसली, टाके घालून आलो. सांगायला गेलो तर "अंकल, टेन्शन नका घेऊ." पोलिसांची गाडी दोनदा आली, गाडी दिसली की गाणी बंद, घर गाढ झोपेत. म्हणून ही वही.

कंडक्टरला वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, कोरं ठेवता येत नाही, हात आपोआप रकाने आखतो. वेळ, गाडी, माणसं, आवाज. पहिला शनिवार: सुरू 10:20, बंद 1:45, गाड्या 3, बाटल्या 7 (आमच्या बाजूला). नातीने फोनवर आवाज मोजायचं काहीतरी घालून दिलं. नियमाने वस्तीत रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात 45 डेसिबलची मर्यादा. आमच्या पडवीत भरतीच्या वेळी नुसता समुद्रच 50 दाखवतो. त्याची तक्रार कुठे करू? आवाजाचा रकाना सोडून दिला.

पण रकाने भरायची सवय वाईट. दुसऱ्या आठवड्यात दिवसाही माझी खुर्ची गडग्याकडे तोंड करून. गुरुवारी लिहिलं: 4:10, एक बाई, मागच्या पायरीवर, फोनवर रडते.

बायकोने चष्मा लावून वाचलं. "ह्यां कित्याक लिवलात? रडणां गुन्हो आसा काय?"

ओळ खोडली. वेबिलात खाडाखोड केली की बाजूला सही करायची, तशी सहीही केली. लाज वाटली ती वेगळीच. त्या बाईला मी आजवर 'जेवलात काय' एवढंही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी 11:40 ला दिवे बंद करून एक टेंपो मागच्या बाजूला लागला. दोन क्रेट उतरले. दिवे बंद असले तरी फुटका सायलेन्सर कुठे लपतो? तो टेंपो मी रोज ऐकतो. चुलतभावाच्या मुलाचा. आमचा गॅस रस्त्यावरून घरात तोच आणून देतो, चतुर्थीला गणपती डोक्यावरून तोच आणतो. दारू विकायचं लायसन त्याच्याकडे कुठून असणार?

वेळ लिहिली. 'टेंपो' लिहिलं. नंबरच्या रकान्यावर पेन टेकवून बसलो, तो नंबर मला पाठ आहे. तेवढ्यात आतून बायको खोकली आणि मी वही मिटली.

सोमवारी पाटील आले. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. खोडलेल्या ओळीवरच्या सहीला हसले. मग बोट थांबलं.

"हयसर नंबर नाय?"

"काळोख होतो."

पाटलांनी पान पुढे उलटलं नाही. बराच वेळ गडग्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "सायलेन्सर फुटलेलो होतो काय?"

मी आत चहा टाकायला सांगितला.