क्यूचं घर

दिवाळीच्या सुट्टीत नात नाशिकहून अमळनेरला आली, ती पिशवीत स्क्रॅबल घेऊनच, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्यांनी पटावर शब्द जुळवायचा खेळ. आठवीत आहे. ओसरीवर पट मांडला आणि दुसऱ्याच डावाला तिचं तोंड उतरलं. "आबा, माझ्याकडे क्यू आला, आणि यू नाहीच!"

"क्यूचं घर आठव," मी म्हटलं. तिला कळलं नाही, आणि कळणार तरी कसं? छापखान्यातली केस, म्हणजे एकेका अक्षराला वेगळं घर असलेली लाकडी पेटी, तिनं पाहिलेलीच नाही.

मी अठ्ठावीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं. कंपोझिटर म्हणायचे आम्हाला, जुनी माणसं जुळारी म्हणायची. लग्नपत्रिका मराठीत असायच्या, पण आडत्यांची बिलबुकं, जिनिंगवाल्यांच्या पावत्या, लेटरहेडं हे सगळं इंग्रजीत. माझं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी बोलताना मी आजही थांबत थांबत बोलतो, पण इंग्रजी शब्द माझ्या बोटांतून एकेक अक्षरानं गेलेले आहेत. तेही उलटे, कारण खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं. पी आणि क्यू, बी आणि डी यांत नवा पोरगा हमखास फसायचा.

इंग्रजी केसमध्ये सगळ्यात मोठं घर ईचं. ए, टी, ओ, एन यांची घरं ऐसपैस आणि हाताशी. जे, एक्स, झेड, क्यू यांना कडेच्या चिंचोळ्या घरांत मूठभर खिळे. ज्याची गरज जास्त त्याचं घर मोठं, इतका सरळ हिशेब. नातीच्या सोंगट्या पाहिल्या आणि तोच हिशेब समोर आला. शंभर सोंगट्यांत ई बारा, आणि ईला गुण एक. क्यू एकच, झेड एकच, त्यांना दहा-दहा. जे आणि एक्सला आठ. हा खेळ अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदानं 1930च्या दशकातल्या मंदीत, हाताला काम नसताना रचला. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्राची पानं समोर ठेवून मोजलं. 1948मध्ये त्याला स्क्रॅबल हे नाव मिळालं. मला त्या माणसाबद्दल फार आपलेपणा वाटला. त्यानं कागदावर मोजलं ते आमच्या केशीत लाकडाच्या पट्ट्यांनी आखलेलं होतं.

तर क्यू. नातीला सांगितलं, अख्खा शब्द शोधू नकोस, अक्षराचे शेजारी शोध. क्यूचा शेजारी यू. तो नसेल तर अरबी-फारसीकडे किंवा चिनीकडे वळायचं, कारण यूशिवायचे बहुतेक शब्द तिकडूनच आलेत. चिनी क्यू-आय, म्हणजे प्राणशक्ती, दोनच अक्षरांचा. क्यू-ए-टी हे एका झाडाचं नाव, त्याची पानं येमेनमध्ये चघळतात. आणि आपला फकीर. तो केनं लिहिता येतो तसा एफ-ए-क्यू-आय-आर असाही, आणि सतरा गुण देतो. तिच्याकडे एफ सोडून सगळं होतं. एफ पटावरच्या एका शब्दाच्या शेवटी बसलेला. फकीर खाली उतरला तेव्हा ती ओसरीवर उभीच राहिली.

शेजारी शोधण्याची सवय मला एफ-एफ-आयमुळे लागली. ही तीन अक्षरं एकाच खिळ्यावर जोडून ओतलेली यायची, आपल्या जोडाक्षरासारखी. त्यामुळे ऑफिस, ट्रॅफिक, डिफिकल्ट, कॉफिन हे शब्द माझ्या डोक्यात एकाच घरात राहतात. दोन एफ हातात आले की ते घर आपोआप उघडतं. जी-एच-टीचं तसंच, सी-केचं तसंच. आयएनजी किंवा ईडी जमत असेल तर ती आधी उजवीकडे सारून ठेवायची आणि उरलेल्या चार-पाच अक्षरांकडे बघायचं. एस चारच असतात, ते उधळायचे नाहीत.

व्ही मात्र छळतो. व्ही घेऊन दोन अक्षरांचा एकही शब्द या खेळात चालत नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्याकडे जे, डब्ल्यू, ओ, ए, आर आले. "घाणेरडी अक्षरं आहेत," म्हणाली. मी म्हटलं, "ज्वारी लाव." "आबा, ते मराठी आहे!" मग तिनं मोबाईलवर खेळात चालणाऱ्या शब्दांची कॉलिन्सची यादी उघडली. त्यात जे-ओ-डब्ल्यू-ए-आर होता, पंधरा गुणांचा. बाजराही होता. ज्या धान्याची भाकरी आम्ही दोन्ही वेळा खातो ते त्या यादीत पाहून माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मग आम्ही भरताच्या वांग्याकडे वळलो. ब्रिंजल, बरोबर सात अक्षरं. सातही एकदम लावली तर सोळा अधिक बक्षिसाचे पन्नास, सहासष्ट गुण. सुट्टी संपेपर्यंत वाट पाहिली, बी आणि जे एका हातात आलेच नाहीत.

ती गेल्यावर मी एका कोऱ्या बिलबुकात अक्षरवार पानं पाडली. क्यूचं पान निम्मं भरलंय, एक्सचं सुरू आहे.

काल रात्री तिनं फोनवर सात अक्षरं पाठवली: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. केशीतली सगळी मोठ्या घरांतली. चिठ्ठ्या करून ताटाशेजारी मांडल्या. सातही अक्षरं लावून रिटेन्स निघाला, मग नॅस्टियर, मग रेटिनाज, मग अँट्सियर. घरातून हाक आली, "जेवन थंड व्हई गयं." स्टेनर सापडला तेव्हा पावणेदहा वाजले होते. लगेच पाठवला, पण शाळा असते, ती झोपली असणार. तिकडे एकच टिक दिसत होती.