खोबण

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज काम म्हणावं असं काहीच झालं नाही. दुपारभर ट्रायकोसुरिन या पोसमच्या दुधातल्या प्रथिनाची रचना नुसती फिरवत बसले. पडद्यावर डावीकडून उजवीकडे, मग उलटं, मग वरच्या तोंडातून आत डोकावून. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कळलं, दिवा लावायचा राहिलाय.

याला कारण शुक्रवार. गटात बोलायचं होतं म्हणून मी एक स्लाइड केली होती: ‘ट्रायकोसुरिन: पिल्लाला पानांतल्या विषापासून वाचवणारं प्रथिन’. मॅडमनी वाक्य पूर्ण वाचलं आणि ‘वाचवणारं’ या शब्दावर बोट ठेवलं. “हे तुला कुठे दिसलं?” मी म्हटलं, प्रथिनाच्या आतल्या खोबणीत बसतात ना फिनॉलसारखे, पानांत असतात तसले रेणू. त्या म्हणाल्या, “बसतात. बरं, पुढे?” पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं.

ब्रशटेल पोसम हा ऑस्ट्रेलियातला झाडावर राहणारा शिशुधान प्राणी. एकोणिसाव्या शतकात फरच्या धंद्यासाठी माणसांनी तो न्यूझीलंडमध्ये नेऊन सोडला, आणि आज तिथल्या जंगलांना तो नकोसा झालाय. त्याचं शास्त्रीय नाव ट्रायकोसुरस व्हल्पेक्युला, त्यावरून दुधातल्या या प्रथिनाचं नाव पडलं. २००७ मध्ये स्फटिकांवर क्ष-किरण टाकून काढलेली त्याची रचना प्रसिद्ध झाली. मी फिरवत होते ती तीच.

दिसायला ते कणगीसारखं आहे. प्रथिनाच्या साखळीचे आठ पट्टे एकाशेजारी एक, एक वर जाणारा तर पुढचा खाली येणारा, आणि सगळे मिळून गोल वळलेले. एक तोंड उघडं, दुसरं जवळजवळ मिटलेलं. बाजूला एक मळसूत्री तुकडा, टेकून ठेवलेल्या काठीसारखा. कणगीच्या पोटात पाणी नावडणाऱ्या अमिनो आम्लांनी अस्तर लावल्यासारखी पोकळी आहे, तीच ती खोबण. तळाशी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ठाण मांडून बसलेलं. ट्रायकोसुरिन ज्या लिपोकॅलिन कुळातलं, त्यातल्या बहुतेक सगळ्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन याच जागी सापडतं. या कुळाची गंमत अशी की दोन भावंडांची अमिनो आम्लं ओळीने जुळवायला जावं तर पाचात एकही धड जुळत नाही, आणि घडी मात्र तीच.

ट्रायकोसुरिनची खोबण लहान आहे. लांब शेपटीची मेदाम्लं तिला फारशी रुचत नाहीत, फिनॉलच्या जातीचे छोटे रेणू चांगले बसतात. पोसम निलगिरीची पानं खातो आणि त्या पानांत फिनॉलं भरपूर. एवढं वाचलं की गोष्ट आपोआप तयार होते: आई पान खाते, त्यातलं विष दुधात उतरतं, प्रथिन ते पकडून ठेवतं. मी तिच्या प्रेमातच पडले. पण एखाद्याच्या खिशात किल्ली मावते म्हणून ते घर काही त्याचं होत नाही.

गायीच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आठवलं, १६२ अमिनो आम्लांचं. तेही याच कुळातलं. १९८६ मध्ये त्याची घडी रक्तात अ जीवनसत्त्व वाहून नेणाऱ्या प्रथिनासारखी निघाली आणि सगळ्यांनी मान डोलावली: म्हणजे हेही अ जीवनसत्त्वच नेत असणार! परीक्षानळीत ते रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप, धरतंही. पण माणसाच्या दुधात हे प्रथिनच नसतं आणि आपल्या बाळांचं त्यावाचून काही अडत नाही. त्याच्या खऱ्या कामाबद्दलचा वाद अजून चालूच आहे. उंदरांच्या मुतात याच घडीची प्रथिनं गंधाचे रेणू धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. कणगी तीच, पण कुणी त्यात जोंधळे भरतं, कुणी कडबा.

संध्याकाळी रचना बंद केली आणि पिल्लाचं वाचत बसले. पोसमचा गर्भकाळ सतरा-अठरा दिवसांचा. जन्मताना पिल्लू सुमारे ०.२ ग्रॅमचं, डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढच्या पायांनी आईची लव धरत ते शिशुधानीपर्यंत चढतं आणि सडाला चिकटतं ते कित्येक आठवडे सोडतच नाही. आपल्याकडे जे काम नाळ करते, त्यातलं बरंचसं इथे दूध करतं. म्हणून ते दूधही बदलत जातं: आधी पातळ आणि साखरेचं, शेवटी दाट आणि मेदाचं.

टॅमर वॉलबी या कांगारूच्या छोट्या भाऊबंदात तर एका टप्प्यानंतर एक वेगळंच प्रथिन दुधात येतं. त्याचं नावच ‘उशिराच्या दुधाचं प्रथिन’, आणि तेही लिपोकॅलिन! लहान पिल्लू उचलून पुढच्या टप्प्यातल्या आईच्या सडाला लावलं तर ते वेगाने वाढतं, पण दूध काही त्याच्यासाठी मागे फिरत नाही. घड्याळ आईचं असतं. आणि कांगारूच्या बाबतीत तर एकाच वेळी दोन शेजारच्या सडांतून दोन वेगळी दुधं येतात, एक नवजातासाठी आणि एक बाहेर हुंदडून मधेच तोंड घालणाऱ्या थोरल्यासाठी. रक्त एक, संप्रेरकं एक, तरी ग्रंथी आपापलं चालवतात. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ तशीच बसले.

मग वाटलं, नुसती खोबण बघून काय समजणार? कोणतं प्रथिन कधी येतं, त्या वेळी पिल्लू काय करत असतं, त्याच्या पोटात तोवर पान गेलंय की नाही, हेही शेजारी मांडून बघायला हवं. मी मात्र तारीख न बघताच पत्र वाचत होते.

आत्ता स्लाइड उघडली. ‘पिल्लाला वाचवणारं’ खोडलं. ‘वाहून नेणारं’ लिहिलं, तेही खोडलं. आता तिथे आहे: ‘फिनॉलसारखे छोटे रेणू धरू शकणारं’. लांबलचक आणि रुक्ष वाक्य झालंय. खालची अर्धी स्लाइड रिकामीच आहे, तिथे उद्या दुधाच्या टप्प्यांची पट्टी काढेन.