पेजर उलट बोलत नाही

परवा दुपारी ऑस्ट्रियातल्या एका खेड्याचा व्हिडिओ बघत होतो. मध्येच भोंगा वाजला, चांगला 15 सेकंद, आणि चौकातल्या एकानंही मान वर केली नाही. तिथे दर शनिवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी असते. खरी आग लागली तर 15-15 सेकंदांचे तीन भोंगे, मध्ये सात-सात सेकंद शांतता. मग हातातलं टाकून अग्निशमन स्टेशनकडे धावायचं. धावणारे गावातलेच स्वयंसेवक, कुणी सुतार, कुणी मास्तर. पगार-बिगार काही नाही.

पण भोंग्यानं अख्खं गाव उठतं, म्हणून पेजर आला, नुसता निरोप घेणारं खिशातलं यंत्र. आमच्या काकांकडेही होता, पट्ट्याला. त्यांचा डोळा चुकवून मी तो कानाला लावायचो. आतून कुणी बोलेल अशी आशा. नुसती अक्षरं सरकायची.

अग्निशमनवाल्यांचा मात्र खरोखर बोलतो! निदान जुना तरी. अमेरिकेत अजून पुष्कळांच्या उशाशी असतो. रात्रभर चार्जरवर गप्प बसून तो ऐकत असतो. आपल्या तुकडीचे ठरलेले दोन सूर लागोपाठ आले, पहिला सेकंदभर, दुसरा तीनेक सेकंद, की स्पीकर उघडतो आणि नियंत्रण कक्षातला आवाज पत्ता सांगतो. शेजारच्या तुकडीचे सूर आले तर हा ढिम्म. नव्या डिजिटल पेजरवर आवाजाऐवजी मजकूर येतो. अ‍ॅपही आलीत, पण मोबाइल सायलेंटवर राहतो, आणि मोठ्या संकटात नेटवर्क नेमकं तेव्हाच मान टाकतं.

मला त्यातलं आवडतं ते एवढंच की तो उलट बोलत नाही. निरोप घेतो, परत काही पाठवत नाही. ब्लू टिक नाही, ‘बघितलंस ना, मग उत्तर का नाही?’ ही कटकट नाही. येणार की नाही, ते स्टेशनच्या दारात कळणार. या ब्लू टिकपायी मी चांगल्या चांगल्या लोकांशी अबोला धरलाय, म्हणून हे जास्तच भावत असेल.

अग्निशमन तुकडीचा कॅप्टन मात्र मला वेड्यात काढेल. गाडी बाहेर काढायची तर किती जण येताहेत हे त्याला आत्ता हवं असतं. म्हणून तर अ‍ॅपवर ‘येतोय’चं बटण आलं, उलटा निरोप पाठवणारे पेजरही आले. कुणीच आलं नाही तर काही मिनिटांनी तेच सूर पुन्हा वाजवतात, मग पुढच्या गावाला कळवतात. आणि ही वेळ दिवसाच जास्त येते, कारण नोकऱ्या लांबच्या शहरात. अमेरिकेत 1984 साली असे स्वयंसेवक सुमारे 9 लाख होते, 2020 मध्ये 6 लाख 77 हजारांच्या आसपास. पेजर सुधारत गेले, पण ऐकून धावणारी माणसं घटली. त्यावर कुठलं बटण काढणार?