ताम्हिणी ते जयगड: बाबांचा नवीन फोन, तीन फेरीबोटी आणि रेंज नसलेला रस्ता

डिसेंबरात बाबांना घेऊन गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जाऊन आले, पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. रस्त्याबद्दल खूप जणांनी लिहिलंय, मी फोनबद्दल लिहिते, कारण निघायच्या आधी आठ दिवस आम्ही बाबांना नवीन फोन घेतला होता आणि माझा चार वर्षांचा जुना फोन पण सोबत होता, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळाले.

फोन घेताना दुकानात सगळे कॅमेरा आणि रॅम सांगतात. आमचं बजेट वीस हजारांच्या आतलं. भाऊ म्हणाला मी अमेरिकेतून आयफोन आणतो, पण तिकडच्या मॉडेलला १४ पासून सिमचा ट्रे नाही, फक्त ईसिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, आणि बाबांचं कितीतरी वर्षांचं बीएसएनएलचं सिम कार्ड आहे, ते काही ते सोडणार नाहीत. म्हणून इथलाच घेतला. मी स्पेसिफिकेशनच्या पानावर सगळ्यात खाली जाऊन बँड, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सींवर चालतो ते, वाचले. जिओचं फोरजी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, बीएसएनएलचं फोरजी गावाकडे बँड २८ वर म्हणजे ७०० मेगाहर्ट्झवर येतंय. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका सिग्नल लांब जातो, डोंगराआड, झाडीत पण जास्त टिकतो, त्यामुळे कोकणात हा आकडा फोनमध्ये असणं फार महत्त्वाचं. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे व्होएलटीई (फोरजीवरून कॉल करायची सोय) नसलेला फोन हातात असेल तर रेंज दिसूनही साधा कॉल लागत नाही. आणि दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची घ्या. आमच्याकडे एका कंपनीची रेंज मुळशीनंतर गेली ती घाट उतरेपर्यंत आलीच नाही, दुसऱ्या सिमवर अधूनमधून एक काडी दिसत होती, तेवढ्यात घरी मेसेज गेला.

आता खरी गोष्ट. रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही, हे बाबांना पटायला घाटच लागला. लोकेशन थेट उपग्रहांकडून येतं, मोबाईल नेटवर्क फक्त ते लवकर पकडायला मदत करतं. नेटवर्क नसताना फोन पहिल्यांदा चालू केला तर उपग्रहाची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट अशा वेगाने उतरते, मग अर्धा मिनिट ते काही मिनिटं वाट बघावी लागते. म्हणून घरातून निघतानाच मॅप उघडून एकदा लोकेशन पकडू द्या. ताम्हिणीत माझ्या फोनवर ऑफलाइन मॅप, म्हणजे आधीच डाऊनलोड केलेला नकाशा, होता तर रस्ता, गावं, वळणं सगळं दिसत होतं, आणि बाबांच्या कोऱ्या फोनवर करड्या चौकटीत नुसता निळा ठिपका फिरत होता. ठिपका बरोबरच होता, खाली नकाशाच नव्हता. मग माणगावला चहाला थांबलो तेव्हा रेंजमध्ये रायगड, रत्नागिरी दोन्ही डाऊनलोड केले. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसत नाही, पर्यायी रस्ते पण नाहीत, आणि नकाशा अपडेट न केल्यास वर्षभराने एक्स्पायर होतो हे लक्षात ठेवा.

पण घाटातच दुसरी एक गोष्ट दिसली. माझ्या जुन्या फोनचा ठिपका वळणावर खालच्या रस्त्यावर उडी मारायचा आणि मॅपमधली बाई सांगायची यू टर्न घ्या. बाबांचा मात्र रस्ता सोडत नव्हता. त्यात एल१ सोबत एल५ पण आहे, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेतो, कड्यावर आपटून येणारा सिग्नल त्याला वेगळा काढता येतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप आहे, त्यात उपग्रह कुठल्या देशाचा त्याचा झेंडा दिसतो आणि पुढे एल१ की एल५ ते. बाबांनी त्यात तिरंगा बघितला तेव्हा दोन मिनिटं फोन खाली ठेवला नाही, आपला नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा, आहे ना तो. त्यांच्यासाठी तेवढ्यानेच फोन वसूल झाला.

हरिहरेश्वरहून बागमांडल्याला फेरी धरली, पलीकडे वेश्वी. केळशीच्या अलीकडे एका तिठ्यावर मी अडकले. जुन्या फोनवर ठिपका होता पण त्याला पुढची ती चोच नव्हती, म्हणजे मी कुठे आहे ते कळतंय, तोंड कुठे आहे ते नाही. गाडी हलली की कळतं, उभी असेल तर नाही, कारण त्या फोनमध्ये कंपासच नाही आणि चार वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मी डावीकडे घेतलं, लाल मातीचा एका गाडीपुरता रस्ता, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक काकू आल्या, म्हणाल्या, "बाय, ह्यो रस्ता खाली खाडीवर संपतो, पुढं वळवायला पण जागा नाय." पाऊण एक किलोमीटर रिव्हर्स आले, बाबा मागे उतरून हात दाखवत होते, "अगं हळू, डावीकडे गडगा आहे." त्या दिवसानंतर एकच टेस्ट सांगते सगळ्यांना, दुकानात मॅप उघडा, जागच्या जागी हळूहळू फिरा, ठिपक्याची चोच तुमच्यासोबत फिरली पाहिजे. नाही फिरली तर तो फोन घेऊ नका, मग कॅमेरा कितीही भारी असो. आणि मॅपने शॉर्टकट दाखवला आणि रस्ता बारीक होत गेला तर माणसाला विचारा.

दाभोळ-धोपावे फेरी सोपी, गुहागर तिथून जवळच. दर्शन झालं, हेदवीचा दशभुजा गणपती करून तवसाळला आलो जयगडच्या बोटीसाठी. तिथे जेट्टीवर यूपीआय फिरतच राहिलं, आमच्याकडे सुट्टे होते म्हणून तिकीट झालं. तिन्ही फेऱ्यांना कॅश ठेवाच, आणि शेवटची बोट किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.

बॅटरीचं म्हणाल तर रेंज नसलेल्या भागात फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच निम्मी जाते. विमान मोड लावा, लोकेशन चालू ठेवा, जीपीएस तसंही चालतं. मात्र तेवढा वेळ फोन लागणार नाही, त्यामुळे एकाचा फोन नेहमीसारखा ठेवा. काचेवरच्या स्टँडवर उन्हात फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते, आम्ही तो काढून एसीच्या जाळीला लावला. बाइकवाल्यांनी मात्र जपा, इंजिनच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय, थरथर शोषणारा माउंट घ्या.

रात्री मुक्कामाला पोचायचं असेल तर लॉजचे अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसने मागवून घ्या, लिंक रेंजशिवाय उघडत नाही, आकडे मॅपमध्ये टाकले की पिन येते. गणपतीपुळ्याला अंधार पडल्यावर आम्ही तसेच पोचलो, बाबा शेजारी बसून शेवटचे चार वळणं त्यांच्या फोनवर बघून सांगत होते.