४०० मिमी की ६०० मिमी? क्रीडा आणि वन्यजीव छायाचित्रणासाठी लेन्स निवडताना

सुपर टेलिफोटो लेन्स, म्हणजे फार दूरचे जवळ आणून दाखवणारी लेन्स, घ्यायची ठरली, की बहुतेकांची चौकशी ‘सर्वांत लांबची कोणती?’ इथूनच सुरू होते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: आपण ज्याचे छायाचित्र घेणार ते आपल्यापासून किती अंतरावर असते, आणि त्या वेळी उजेड किती असतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. या मापाने अंतराला गुणून फोकल लेंथने (लेन्सच्या नावातील मिमीच्या आकड्याने; तो जितका मोठा, तितके दूरचे मोठे दिसते) भागले, की चौकटीत किती भाग मावेल ते कळते. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेबाहेर बसलेल्या छायाचित्रकारापासून फलंदाज साधारण ७० मीटरवर असतो असे धरू. ६०० मिमी लेन्समध्ये तिथे २.८ मीटर उंचीचा भाग येतो, म्हणजे बॅट उंचावलेला फलंदाज चौकट भरून टाकतो. ४०० मिमीमध्ये हीच उंची ४.२ मीटर होते आणि आजूबाजूची जागा उरते. ताडोबातील चित्र उलटे आहे. वाघ रस्त्याने चालत जिप्सीपासून २० मीटरवर आला, तर ६०० मिमीमध्ये जेमतेम १.२ मीटर रुंदी मिळते. चेहरा आणि खांदे उत्तम येतात, पण आडवा उभा असलेला पूर्ण वाघ मावत नाही. जिप्सी मागे घेणे नेहमीच शक्य नसते, त्यामुळे केवळ ६०० मिमी प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची लेन्स) घेऊन जंगलात जाणे मला धाडसाचे वाटते.

खरी किंमत मोजावी लागते ती उजेडासाठी. ‘एफ/’ पुढचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेते. ६०० मिमी एफ/४ लेन्सला प्रकाश आत येण्यासाठी १५० मिमी व्यासाचे प्रवेशद्वार लागते, तर ६०० मिमी एफ/६.३ ला सुमारे ९५ मिमी पुरते. मुख्यतः या फरकामुळे सोनीची ६०० मिमी एफ/४ साधारण तीन किलोची होते आणि निकॉनची २०२३ मध्ये आलेली ६०० मिमी एफ/६.३ दीड किलोच्या आत राहते. मात्र हिवाळ्यात सकाळी साग-बांबूच्या सावलीत, शटर स्पीड तोच ठेवून, जिथे एफ/४ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पुरतो, तिथे एफ/६.३ वर तो ८००० पर्यंत न्यावा लागतो. आजचे कॅमेरे ८००० सहन करतात, पण वाघाच्या अंगावरील केसांचा बारीक पोत तिथे विरघळू लागतो. फ्लडलाइटखालील सामन्यात १/१००० सेकंदापेक्षा मंद शटर परवडत नाही, म्हणून मैदानावर एफ/२.८ ला आजही तोड नाही.

दोन्ही प्रकारचे काम करणाऱ्या व्यावसायिकाने एकच मोठी लेन्स घ्यायची असेल, तर मी ४०० मिमी एफ/२.८ च्या बाजूने कौल देईन. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारा जोड) लावला, की ती ५६० मिमी एफ/४ होते. निकॉनच्या २०२२ च्या ४०० मिमी एफ/२.८ लेन्समध्ये तर तो आतच बसवलेला असून खटका फिरवताच मध्ये येतो. दुपटीच्या कन्व्हर्टरने ८०० मिमी एफ/५.६ मिळते, पण तेव्हा फोकस थोडा मंदावतो आणि तीक्ष्णताही घटते. केवळ पक्ष्यांसाठी, भिगवणला नावेतून रोहित (फ्लेमिंगो) टिपण्यासाठी, मी हलकी एफ/६.३ सुचवेन: नावेत तिपाई (ट्रायपॉड) उपयोगाची नसते आणि उघड्या पाण्यावर उजेडाची वाण नसते. सुरुवात करणाऱ्याने २०० ते ६०० मिमीच्या पट्ट्यातील झूम घ्यावी. ती दीड-दोन लाखांत येते, तर मोठ्या प्राइमसाठी दहा लाखांच्या घरात जावे लागते.

स्थिर हवा मात्र कोणतीही लेन्स देत नाही. मे महिन्यात दहा वाजल्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि पाणवठ्यापलीकडचा प्राणी ८०० मिमीमध्येही फुटलेला दिसतो. तिथे जवळ जाणे किंवा वेळ बदलणे हाच उपाय.

खरेदीपूर्वी लेन्स दोन दिवस भाड्याने घेऊन जिप्सीत बीनबॅगवर (लेन्स टेकवण्याच्या पिशवीवर) आणि मैदानात मोनोपॉडवर (एकपायी आधारावर) वापरून पाहावी. वजनाचा आकडा सारखा असला तरी काचा पुढे आहेत की मागे, यावर हाताला जाणवणारा भार ठरतो. गेल्या काही वर्षांतील नव्या लेन्समध्ये तो कॅमेऱ्याकडे सरकवलेला आहे. वापरलेली लेन्स घेणार असाल, तर अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडून मागून विजेरीचा प्रकाश टाकावा आणि समोरून तिरक्या नजरेने पाहावे. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सच्या आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती आढळली, तर किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नये, आणि बुरशी नसली तरी त्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, हे सेवा केंद्रात विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.