वासिएला आम्हाला का नेत नाहीस?

पुण्याहून, साताऱ्याहून, आता तर म्युनिकहूनही हाच प्रश्न येतो. 'तू स्वतः वर्षातून चार-पाचदा त्या डोंगरातल्या गावात जाऊन राहतेस. आम्ही फ्रान्सला, तुझ्याकडे ग्रनोब्लला आलो की आम्हाला मात्र शामोनीला धाडतेस, आनसीचं तळं दाखवतेस. वासिएचं नाव काढलं की विषय बदलतेस. का?'

आजवर मी सांगत आले की तिथे बघण्यासारखं काही नाही, रस्ता वळणांचा आहे, मुलांना गाडी लागेल. यातलं रस्त्याचं तेवढं खरं. मागच्या महिन्यात आत्याने फोनवर सरळच विचारलं, "आमची लाज वाटते का गं तुला?" त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

वासिए, पूर्ण नाव वासिए-आँ-वेर्कोर, हे गाव वेर्कोर नावाच्या डोंगराळ भागात, हजार मीटरच्या थोडं वर, परातीसारख्या सपाट पठारावर आहे. कडेने जंगलाचे डोंगर, मध्ये गवत आणि शेतं, तीनशे-साडेतीनशे माणसांची वस्ती. 2011 साली मी पहिल्यांदा गेले तेव्हा धो धो पाऊस झाला. तासाभराने बाहेर आले तर पाणी कुठेच नाही. ओढा नाही, ओहोळ नाही, साधं डबकंही नाही. सगळं पठार चुनखडीचं. पाऊस असो की बर्फ, पाणी भेगांतून आणि विवरांतून आत जातं आणि कितीतरी खाली, दरीतल्या गुहांमधून बाहेर पडतं. याच वेर्कोरमधल्या बेर्जे नावाच्या विवरात 1956 साली माणूस पहिल्यांदा हजार मीटरपेक्षा खोल उतरला. वर मात्र गुरांना पाणी पाजायची पंचाईत.

मी पाटण तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर वाढले. आमच्याकडे श्रावणात जांभ्यावर घोटाभर पाणी आणि मार्च उजाडला की हंडे घेऊन खालच्या झऱ्यावर. भिजलेल्या गवतात उभी राहून मी त्या कोरड्या पठाराकडे बघत होते आणि सात हजार किलोमीटर लांब असूनही मला ते ओळखीचं वाटलं. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या उंच पठारांवर मेंढ्यांचे कळप चढतात. तिथे 1985 पासून जवळपास 17,000 हेक्टरांचं राखीव क्षेत्र आहे, आत रस्ता नाही, कायमची वस्ती नाही. वारा फिरला की घंटांचा आवाज येतो आणि मला आमच्या वाडीखालून कोकणात उतरणारे धनगर आठवतात. मी तिथे का जाते, याचं उत्तर एवढंच. न नेण्याचं उत्तर वेगळं आहे, आणि ते सांगायला मला जड जातं.

आधी 1944 बद्दल, दुसऱ्या महायुद्धातल्या दिवसांबद्दल थोडं. जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनी या पठारावर तळ दिला होता. वासिएच्या सपाट शेतांत दोस्त राष्ट्रांची विमानं उतरावीत म्हणून धावपट्टी तयार होत होती. 21 जुलैच्या सकाळी आभाळात ग्लायडर दिसले तेव्हा लोकांना आधी वाटलं, आपलेच आले. उतरले ते जर्मन सैनिक. पुढच्या दोन-तीन दिवसांत गावातली सत्तरहून जास्त माणसं मारली गेली. त्यांत बाया होत्या, पोरं होती, म्हातारीकोतारी होती. एक मुलगी पडलेल्या घराखाली आपल्याच माणसांच्या मृतदेहांजवळ अडकली होती आणि कित्येक दिवस पाणी मागत होती. ती वाचली नाही. गाव जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं. आज दिसतात ती घरं युद्धानंतर बांधलेली, म्हणून ती एकसारखी वाटतात. फ्रान्सने मुक्तिलढ्यातला आपला सर्वोच्च सन्मान पाचच ठिकाणांना दिला: पॅरिस, नाँत, ग्रनोब्ल, सें नावाचं छोटं बेट आणि हे गाव. गावाबाहेर दफनभूमी आहे, जवळपास 190 कबरींची.

2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून दोन कुटुंबं आली होती. आम्ही नऊजणांची गाडी भाड्याने घेतली. त्यांनीच आग्रह केला, 'तुझं गाव दाखव', आणि मला मनापासून आनंद झाला. पहाटे उठून मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. वाटेत गाणी झाली, भेंड्या झाल्या. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आपण कुठे चाललोय, तिथे काय झालं होतं, काहीच सांगितलं नाही. मला वाटत होतं, सुट्टीवर आलेल्या माणसांचा मूड कशाला घालवायचा. गावात पोचल्यावर सांगू. गावात पोचल्यावर वाटलं, जेवण झाल्यावर सांगू.

जेवून आम्ही दफनभूमीपाशी आलो. गवत नुकतंच कापलेलं होतं, ऊन छान होतं. मुलं गाडीतून सुटली ती थेट आत धावली आणि कबरींच्या ओळींमध्ये त्यांचा लपंडाव सुरू झाला. मी बघत होते. 'अरे, इथे नको' एवढंच म्हणायचं होतं. पाहुण्यांना काय वाटेल, या धास्तीने मी तेही म्हटलं नाही. उलट कोणीतरी म्हणालं, मागे डोंगर सुंदर आहे, एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे, तेव्हा मीच फोन काढला. मीच सगळ्यांना उभं केलं. मीच म्हटलं, "हसा!"

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ऐंशीच्या पुढचे असतील. एका हातात हिरवी झारी, दुसऱ्या हातात टोपी. आमचं आटोपायची वाट बघत होते. माझ्या पोटात गोळा आला. मी माफी मागायला तोंड उघडणार, तर तेच पुढे आले आणि म्हणाले, "तुम्ही फोटोत नाही. द्या इकडे, मी काढतो." त्यांनी झारी खाली ठेवली, ओला तळवा पँटला पुसला आणि फोन घेतला. नऊ माणसं मावावीत म्हणून दोन पावलं मागे गेले. फ्रेंचमध्ये एक, दोन, तीन मोजलं. मग पडद्यावर बघून म्हणाले, छोटीचे डोळे मिटलेत, पुन्हा काढू. पुन्हा मोजलं. मुलं त्यांच्याबरोबर ओरडली, 'अं, द्यू, त्र्वा!'

फोन परत देऊन ते आमच्या मागच्या ओळीत गेले. आम्ही जिच्यापुढे उभे होतो त्याच कबरीपाशी वाकले आणि कुंडीला पाणी घातलं.

परतताना मी गाडीत फुटले. जे सकाळी शांतपणे सांगायला हवं होतं ते मी कडवटपणे सांगितलं, चावत चावत, जणू चूक त्यांची होती. ग्लायडर, मुलगी, पाणी, सगळं. गाडीत शब्द उमटेना. मागच्या सीटवर एक पोरगा रडायला लागला. ग्रनोब्लचे दिवे दिसायला लागल्यावर माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस?"

त्यानंतर मी कोणालाही वासिएला नेलेलं नाही.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत काढत राहिले की मी गावाची शांतता राखते आहे. त्यासाठी माझ्यापाशी कासचा दाखला तयार होता. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं पठार होतं, आणि मग सप्टेंबरातल्या रविवारी तिथे काय व्हायला लागलं ते सातारकरांना सांगायला नको. गाड्यांच्या रांगा, तुडवलेली फुलं, पुढे कुंपण, ऑनलाइन बुकिंग. मी म्हणायचे, पठार नाजूक असतं, माती बोटभर असते, गर्दी त्याला सोसत नाही. हे आजही खरं मानते. पण वासिएला कुठे गर्दी होती? नऊ माणसं होती. फ्रेंच शाळांच्या बसगाड्या तिथे नेहमी येतात, त्यातली पोरंही दंगा करतात. गावावरच्या कोल द लाशो या खिंडीजवळचं त्या लढ्याचं स्मारक 1994 मध्ये उभं राहिलं ते लोकांनी यावं म्हणूनच. मग माझीच माणसं तेवढी तिथे नकोत, हे मी कोणत्या अधिकाराने ठरवलं?

आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हो, त्या दिवशी मला लाज वाटली. पहिल्या क्षणी तुमचीच वाटली, आपल्या मोठ्या आवाजाची, पुऱ्यांच्या वासाची. ते आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते, कारण त्या गृहस्थांना आमच्या आवाजाचा त्रास झाल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नव्हतं. ते मोकळेपणाने बोलले, मुलांकडे बघून हसले. कदाचित कबरींमधून धावणारी पोरं त्यांना आवडलीही असतील. कदाचित फक्त सभ्यपणा असेल. मी त्यांना विचारलं नाही, आणि नंतर कधी ते मला दिसले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग आता ने, आधी सगळं सांगून ने. मीही स्वतःला हेच सांगते. पण ज्याला चार दिवसांची सुट्टी आहे, ज्याने आयुष्यभर पैसे साठवून आल्प्सचं बर्फ बघायला तिकीट काढलंय, त्याला नाश्त्याच्या टेबलावर ढिगाऱ्याखालच्या मुलीची गोष्ट कशी सांगू? आणि न सांगता नेणं आता मला जमणार नाही. कधी वाटतं, आधी पाण्याचं सांगावं. सड्यावरच्या माणसाला ते लगेच कळेल. मग बाकीचं आपोआप निघेल. कधी वाटतं, हीसुद्धा टाळाटाळच.

तो फोटो मी पुसलेला नाही. दुसऱ्या फोटोत छोटीचे डोळे उघडे आहेत आणि नऊच्या नऊजण हसताहेत, मीसुद्धा.

मैत्रिणीचा परवा मेसेज आला. लेकीची बारावी झाली, जूनमध्ये दोघी येताहेत. 'छोटीला ते गाव पुन्हा बघायचंय, तिला ते आजोबा आठवतात,' असं लिहिलंय. वासिएत मी जिथे उतरते तिथल्या बाईंनी खोली रिकामी असल्याचं कळवलं आहे. मी दोघींनाही अजून उत्तर दिलेलं नाही.