फुटतो हे नक्की, कुठे ते माहीत नाही

अवयव न सापडताही एखादा आकडा फुटतो, म्हणजे लहान आकड्यांच्या गुणाकारात मोडतो, हे कसं कळतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी गणित शिकवतो. मुलं विचारतात, आणि बस स्टँडवर भेटले की त्यांचे वडीलही तेच विचारतात: "सर, अवयव तं कोनालेच सापडले नाई म्हंता, मंग तो आकडा फुटते हे कशावरून समजलं जी?"

तो आकडा म्हणजे २ चा १२७७ वा घात, वजा १. लिहायला बसलं तर ३८५ अंक होतात. तो मूळ नाही, संयुक्त आहे, हे सिद्ध झालेलं आहे. तरीही १ आणि तो स्वतः सोडून त्याला भाग जाणारी एकही संख्या आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही.

हे पटायला ९१ घ्या. वर्गात विचारलं तर निम्मी मुलं त्याला मूळ म्हणतात. आता भागून पाहूच नका. फ्रेंच गणिती फर्माने १६४० साली सांगितलेला नियम असा: २ पेक्षा मोठी संख्या मूळ असेल, तर २ ला तिच्याहून एकाने कमी घात द्या आणि त्याच संख्येने भागा, बाकी १ च उरते. म्हणजे इथे २ चा ९० वा घात पाहायचा. तो पूर्ण काढायची गरज नाही. २ चा १२ वा घात ४०९६, आणि ९१ गुणिले ४५ म्हणजे ४०९५. बाकी १. म्हणून ८४ व्या घाताचीही बाकी १. उरले सहा घात, म्हणजे ६४. बाकी ६४ आली, १ नाही. ९१ फुटतोच. ७ आणि १३ यांचं नावही न घेता हे कळलं!

बाजारात तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखतात, तसंच हे. पाणी कुठून लागलं ते कळलं नाही म्हणून ओल खोटी ठरत नाही.

उलट मात्र चालत नाही. ३४१ या परीक्षेत पास होतो, आणि तो आहे ११ गुणिले ३१. आपल्या ३८५ अंकी आकड्यासारखे, म्हणजे २ चा एखाद्या मूळ संख्येइतका घात वजा १ असे, आकडेही २ च्या परीक्षेत नेहमीच पास होतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी कसोटी आहे. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, त्या आकड्याने भागून बाकी ठेवा. बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा. १२७५ वेळा. शेवटी शून्य उरलं तरच मूळ. शून्य उरत नाही. ३१ वर, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ वर, ही कसोटी तीन पायऱ्यांत होते: १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२, बाकी शून्य. ३१ मूळ. फळ्यावर हे जमलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

असं अर्धं ज्ञान किती काळ टिकतं? २ चा ६७ वा घात वजा १ हा आकडा फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये अशा मूळ आकड्यांच्या आपल्या यादीत घातला होता. फ्रेंच गणिती ल्युकासने १८७६ साली तो मूळ नाही हे दाखवलं, अवयव न देता. ते अवयव अमेरिकन गणिती कोलने दिले १९०३ साली: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली २७ वर्षं ल्युकासचं म्हणणं तितकंच खरं होतं. माझ्या मते त्याचं काम जास्त मोठं.

तुम्हाला शोधायचंच असेल, तर वाट थोडी अरुंद करून देतो. आपल्या आकड्याच्या प्रत्येक मूळ अवयवाला २५५४ ने, म्हणजे १२७७ च्या दुपटीने, भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे. कोलच्या १९३७०७७२१ ला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागून पाहा, बाकी १. २०४७ म्हणजे २ चा ११ वा घात वजा १. त्याचे अवयव २३ आणि ८९, दोघांना २२ ने भागा, बाकी १. तर आपल्या यादीत पहिला येतो २५५५. शेवटी ५, बाद. मग ५१०९, अंकांची बेरीज १५, ३ ने भाग जातो, तोही बाद. पुढचा ७६६३. त्यावर सध्या नववीतली मुलं बसली आहेत.